येणे बाकी

मार्गशीर्षात करंडक आमच्या आळीत येतो,
चिटणीस गोळ्यांच्या स्कूटरवर, दोन पायांमध्ये उभा,
गोधडीत गुंडाळलेला, तापलेल्या पोरासारखा.
"उजळून द्या. आणि तो कान हलतोय."
कान दरवर्षीच हलतो.
जिंकणारे त्यालाच धरून नाचतात.

लोक म्हणतात, चांदीचा.
नाही. तांब्याचा आहे, वर चांदीचं पाणी.
एका पत्र्यातून उठवलेला,
बुडाशिवाय कुठे सांधा नाही.
आबांनी खरवईवर चढवला, छत्तीस साली.
ठोकायचा, तापवायचा, विझवायचा,
पुन्हा ठोकायचा.
मार खाऊन तांबं कडक होतं,
मग विस्तवात घालून त्याची समजूत काढावी लागते.
त्याच्या पोटावरचे माठाराचे ठोके
मी लहानपणी मोजलेत:
एका ओळीत एकशे बारा.
सातव्या ओळीत एक ठोका कलंडलेला.
तेव्हा आबांना कुणीतरी हाक मारली असणार.

गळ्याशी पोचा आहे. तो काढायचा नाही,
असं बाबा सांगून गेले.
पानशेतच्या पाण्यात मंडळाचं कपाटच वाहून गेलं,
आठव्या दिवशी करंडक ओंकारेश्वरापाशी सापडला
चिखलाने काठोकाठ भरलेला.
बाबांनी चिंच लावून तो तीनदा धुतला.
त्या सालची पट्टी कोरी आहे,
घासताना हात तिच्यावरच जास्त रेंगाळतो.
चौसष्टच्या पट्टीवर 'विजयि' आहे, ऱ्हस्व.
त्यावरून पेपरात दोन पत्रं आली होती,
बाबांनी दोन्ही जपून ठेवली.

यंदा बूडच सुटलं.
डाख जुना, त्याचा तरी काय दोष.
आत बॅटरी मारली तर अक्षरं,
कोरणीने ओढलेली, मोडी.
मला मोडी येत नाही.
निवृत्त दफ्तरदार नेन्यांकडे नेलं.
त्यांनी चष्मा बदलला, बूड उजेडाकडे फिरवलं
आणि हसायलाच लागले.
"मजुरी ठरली रुपये पंचेचाळीस.
आले साडेतेहतीस.
येणे बाकी साडेअकरा."

एवढंच. नाव नाही, सही नाही,
देवाचं 'श्री'सुद्धा नाही.
म्हणजे इतकी वर्षं
प्रत्येक कप्तान आमची उधारी डोक्यावर घेऊन नाचला,
हार घातले तिला, पेढा लावला,
मंत्र्यांसोबत तिचे फोटो निघाले.

गोळ्यांना सांगितलं.
ते म्हणाले, "ठरावाची प्रत आहे का?"

मी डाख लावला, कान बसवला,
आणि यंदा प्रथमच अंतिम सामन्याला गेलो.
दुपारच्या उन्हात चुन्याच्या रेघा,
दोन खांब, बसलेल्या आठ मुली,
आणि पळतीला कुणी रेणुका पासलकर,
वजन असेल चाळीस किलो.
पाठीमागे 'खो' पडायचा
आणि ही तिथे नसायची.
खांबाला वळसा, हुलकावणी, परत उलट,
डावा गुडघा सोललेला, त्यावर माती.
तीन मिनिटं चाळीस सेकंद
कुणाचा हात तिला लागला नाही.
मला माठाराची ओळ आठवली:
ठोका, ठोका, ठोका,
एकाला दुसरा चिकटलेला नाही,
एकही जागा सुटलेली नाही.

तिने करंडक उचलला तेव्हा कान हलला.
मी बघितलं. आणखी कुणी बघितलं नसावं.

सोमवारी तो नाव घालायला परत आला.
बाहेर पट्टीवर मंडळाचं नाव, साल;
दीर्घ ईकार दोनदा तपासला.
मग रात्री बूड पुन्हा उकललं.
आबांच्या ओळीखाली, बाळबोध अक्षरात,
एकच शब्द कोरला:
पावले.

आणि डाख लावून टाकला.
उजळणीचे सहाशे
गोळे म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.